आधी चेंडू, मग पोतं, मग माणूस

अ‍ॅनिमेशन शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न लॅपटॉपचा येतो, दुसरा सॉफ्टवेअरचा आणि तिसरा ‘पण मला चित्र कुठं काढता येतंय?’ हा. तिन्ही प्रश्न सध्या बाजूला ठेवा. एका चित्रानंतरचं दुसरं चित्र किती अंतरावर काढायचं, हे ज्याला कळलं त्याला निम्मं काम आलं. ते कळायला कागद, पट्टी, कोनमापक आणि साधा फोन पुरतो. पुढचे धडे क्रमानं करायचे आहेत. चेंडू जमल्याशिवाय पोत्याला हात लावू नका आणि पोतं जमल्याशिवाय माणसाला.

नेटवर शोधलंत की सगळीकडे ‘बारा तत्त्वं’ दिसतील. डिस्नेत हयात घालवलेल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ या पुस्तकात ती मांडली. यादी उत्तम आहे, पण ती पाठ करून काही हलत नाही. तिथं तत्त्वं एकाखाली एक लिहिलेली असतात, प्रत्यक्षात मात्र एकाच उडीत त्यातली पाच-सहा एकदम येतात. म्हणून इथं यादी बाजूला ठेवून धडे घेतलेत. कुठल्या धड्यात कुठलं तत्त्व आलं ते जाता जाता सांगेन.

सामान

कागदावर करणार असाल तर ए-फोरचे शंभरेक कागद, एचबी पेन्सिल आणि ऑफिसात असतं ते दोन भोकांचं पंचिंग मशीन घ्या. प्रत्येक कागदाला खालच्या बाजूला भोकं पाडा आणि एका पुठ्ठ्यावर फाइलची पत्री चिकटवून त्यात कागद अडकवा. कागद एकावर एक नेमके बसले नाहीत तर सगळं चित्र थरथरतं. मग दोष आपल्या हाताचा की कागदाचा, तेच समजत नाही. मागचं चित्र दिसावं म्हणून काचेखाली एलईडी दिवा ठेवा. काचेचा टीपॉय असेल तर आणखीच बरं.

फोनवर करायचं असेल तर फ्लिपाक्लिप चालेल. जुना लॅपटॉप असेल तर पेन्सिल टू-डी हे फुकट आणि हलकं सॉफ्टवेअर आहे. क्रिताही फुकट आहे. ब्लेंडरही फुकट आहे, पण त्याच्या वाटेला आत्ताच जाऊ नका, पहिला महिना बटणं शोधण्यातच जाईल. काहीही वापरलंत तरी अनियन स्किन चालू ठेवा, म्हणजे आधीचं चित्र फिकट दिसत राहतं.

चित्राची अगदीच धास्ती असेल तर वस्तू सरकवून फोटो काढा. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ केली ती आगकाड्या हलवूनच. फोन स्टँडला घट्ट बसवा, स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, खिडकी बंद करून दिव्याखाली काम करा. खिडकीच्या उजेडात ढग आला-गेला की चित्रफीत लुकलुकते. पुढचे सगळे आकडे या पद्धतीलाही जसेच्या तसे लागू आहेत.

एक हिशोब आधीच डोक्यात बसवा. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवायचं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. याला ‘टूजवर काम करणं’ म्हणतात, आणि नवख्यानं टूजवरच करावं. निम्मी मेहनत वाचते आणि चूकही लवकर दिसते.

पहिला धडा : चेंडू

हा धडा सगळ्यांना पोरखेळ वाटतो आणि सगळे तो घाईनं उरकतात. मी तर म्हणतो, आठवडाभर याच्यावरच बसा.

चेंडू खाली पडताना त्याचा वेग वाढत जातो, हे शाळेत शिकलोय. चित्रात त्याचा उपयोग असा : सारख्या वेळात कापलेली अंतरं १, ३, ५, ७, ९, ११ या प्रमाणात वाढतात. या सहा आकड्यांची बेरीज ३६ येते. एक एकक अर्धा सेंटिमीटर धरलं तर एकूण उंची होते १८ सेंटिमीटर, आणि ती आडव्या ए-फोर कागदावर नेमकी बसते.

कागद आडवा ठेवा. खालून एक सेंटिमीटरवर जमिनीची रेघ मारा. चेंडूचा व्यास दीड सेंटिमीटर धरा आणि सगळी मापं चेंडूच्या तळापासून घ्या. पहिलं चित्र जमिनीपासून १८ सेंटिमीटर वर. दुसरं त्याच्या अर्धा सेंटिमीटर खाली, तिसरं आणखी दीड, मग अडीच, साडेतीन, साडेचार आणि शेवटी साडेपाच. सातवं चित्र बरोबर जमिनीला टेकतं. या सात चित्रांत सहा अंतरं आहेत. टूजवर त्याच्या बारा फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद झाला. खराखुरा चेंडू छातीच्या उंचीवरून, साधारण सव्वा मीटरवरून सोडलात तर त्यालाही खाली यायला अर्धा सेकंदच लागतो. म्हणून हे हलताना खरं वाटतं.

आता उसळी. वर जाताना हेच आकडे उलटे, पण एक पायरी कमी : साडेचार, साडेतीन, अडीच, दीड, अर्धा. चेंडू साडेबारा सेंटिमीटर चढला. तिथून त्याच अंतरांनी खाली आणा. पुढची उसळी चार अंतरांची म्हणजे ८ सेंटिमीटर, मग तीन अंतरांची साडेचार, मग दोनची २ आणि शेवटची अर्ध्या सेंटिमीटरची. सगळी मिळून ३७ चित्रं होतात आणि तीन सेकंदांच्या किंचित पुढं जातात.

चेंडू पुढंही सरकायला हवा. प्रत्येक चित्रात तो ०.७ सेंटिमीटर उजवीकडे न्या, आणि हे अंतर शेवटपर्यंत सारखं ठेवा. डावीकडून दोन सेंटिमीटरवर सुरुवात केलीत तर शेवटचा चेंडू कागदाच्या आतच बसतो. सगळ्या चेंडूंचे मध्यबिंदू जोडून पाहा, कमानी आपोआप तयार झालेल्या असतील. बारा तत्त्वांतलं आर्क ते हेच. टायमिंग म्हणजे किती फ्रेममध्ये, आणि स्पेसिंग म्हणजे त्या फ्रेम कुठं. ही दोन्हीही तुम्ही आत्ताच वापरलीत.

कागदावर काढलं असेल तर एकेका कागदाचा फोनवर फोटो घ्या आणि चित्रफीत लावून पाहा. चेंडू वर पोचल्यावर क्षणभर रेंगाळला आणि जमिनीला झटकन लागून निघाला, तर जमलं. तो जमिनीला चिकटल्यासारखा वाटत असेल तर टेकल्याचं चित्र नकळत दोनदा आलंय का ते पाहा. बहुतेक वेळा दोष तिथंच सापडतो.

मग याच चेंडूचं वजन बदला, चित्र मात्र तेच गोल ठेवा. लेदरच्या बॉलसाठी मधल्या पायऱ्या गाळा : १८ वरून पडला, थेट साडेचारपर्यंत उसळला, मग अर्धा सेंटिमीटर, आणि नंतर नुसता गडगडला. फुग्यासाठी १, ३, ५ हे प्रमाणच सोडा. हवा त्याला वेग घेऊ देत नाही, म्हणून सुरुवातीची एक-दोन चित्रं सोडली की सगळी अंतरं सारखी. आणि नारळ? अकरा मीटरवरून पडायला त्याला दीड सेकंद लागतो, म्हणजे ३६ फ्रेम. कागदावरची उंची तीच १८ सेंटिमीटर ठेवून बारा फ्रेमऐवजी छत्तीस वापरल्यात, तर बघणाऱ्याला आपोआप उंच झाड ‘दिसतं’. मोठी वस्तू मोठी वाटत नाही अशी तक्रार नवखे नेहमी करतात. तिचं उत्तर बहुतेकदा फ्रेमच्या संख्येत असतं.

दाबणं आणि ताणणं म्हणजे स्क्वॉश अँड स्ट्रेच शेवटी घ्या. जमिनीला लागण्याआधीचं शेवटचं अंतर साडेपाच सेंटिमीटरचं आहे आणि चेंडू दीडचा. एवढी उडी डोळ्याला तुटक दिसते, म्हणून टेकण्याच्या आधीच्या चित्रात चेंडू प्रवासाच्या दिशेनं थोडा लांबट काढायचा. टेकल्यावर तो चपटा होतो, टेकण्याआधी नाही. एका बाजूनं ताणला की दुसऱ्या बाजूनं बारीक झालाच पाहिजे, नाहीतर चेंडू मोठा-लहान होतोय असं वाटतं. लेदरच्या बॉलला हे करू नका, तो रबरी दिसेल.

दुसरा धडा : गोंडा

बेंदराला बैलाच्या शिंगांना गोंडे बांधतात, तसा एक गोंडा पंचवीस सेंटिमीटरच्या दोरीला बांधून खिळ्याला लटकवा आणि हलवा. एवढ्या दोरीचा लंबक जाऊन परत यायला एक सेकंद घेतो. म्हणजे एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायला बारा फ्रेम, टूजवर सहा अंतरं.

कोनमापक घ्या. मध्यावरची उभी रेघ म्हणजे शून्य अंश. पहिलं चित्र ३० अंशांवर, मग २६, १५, ०, आणि पलीकडच्या बाजूला १५, २६, ३०. टोकांपाशी चित्रं दाटीवाटीनं येतात, मध्ये ती लांब लांब पडतात. स्लो इन आणि स्लो आउट म्हणतात ते हेच. दोन टोकांच्या बरोबर मधलं चित्र काढायला सरळ रेघेचा मध्य काढू नका, कारण तिथं दोरी आखूड होते. प्रत्येक चित्रात दोरीची लांबी पट्टीनं मोजा.

आता गोंड्याचे धागे. दोरी डावीकडून उजवीकडे जाताना धागे मागे रेंगाळतात. दोरी उजव्या टोकाला थांबली की धागे थांबत नाहीत, एक-दोन चित्रं पुढं जातात आणि मगच वळतात. फॉलो थ्रू आणि ओव्हरलॅपिंग अ‍ॅक्शन हे तत्त्व यात आलं. पदर, शेपूट, वेणी, फेट्याचा शेमला या सगळ्यांना हाच नियम. हा धडा जमला की पुढं कपडे आणि केस करताना घाबरायला होत नाही.

तिसरा धडा : अर्धं भरलेलं पोतं

जगभर हा धडा मैद्याच्या पिशवीवर शिकवतात. सांगलीत आपल्याला हळदीचं पोतं जास्त जवळचं. त्याला चेहरा नाही, हातपाय नाहीत, चार कान आहेत आणि आत जड माल आहे. म्हणजे भाव दाखवायला फक्त शरीर उरतं, आणि शिकणाऱ्याला नेमकं तेच लागतं.

चित्र काढण्याआधी मार्केट यार्डात जाऊन हमालांचं काम पाहा. पाठीवर पोतं घेणारा आधी पाय फाकवून गुडघ्यात वाकतो. दोघं जण पोत्याचे कान धरून हेलकावा देतात. पोतं आधी थोडं मागं जातं आणि मग वर येतं. पाठीवर पडलं की घेणाऱ्याचे गुडघे क्षणभर आणखी खाली जातात, पोत्याची वरची टोकं त्याच्या डोक्याच्या पुढं लोंबून एकदा हलतात, तो पंजे रोवतो आणि मगच पहिलं पाऊल टाकतो. दीड-दोन सेकंदांचा मामला. पण त्यात पूर्वतयारी आहे, दाब आहे, मागून येणारी हालचालही आहे. गुडघ्यांचं ते आणखी खाली जाणं चित्रात गाळलंत तर पोत्यात कापूस भरलाय असं वाटेल. तिथं फोन समोर धरून शूटिंग करायचं असेल तर आधी विचारा. पाच रेघांचं कच्चं चित्र मात्र कुणाच्या डोळ्यावर येत नाही, आणि शिकायला तेच जास्त उपयोगी.

घरी आल्यावर पोत्याची दहा उभी चित्रं काढा : खचलेलं, ऐटीत, दचकलेलं, कान टवकारून ऐकणारं. आकार कसाही करा, आतला माल तेवढाच वाटला पाहिजे. सॉलिड ड्रॉइंग हे तत्त्व एवढ्यापुरतंच समजून घ्या. शरीररचनेची जाड पुस्तकं नंतर.

मग उडी. आधी फक्त महत्त्वाच्या मुद्रा काढा : उभं, खाली दबलेलं, सुटताना ताणलेलं, हवेत, टेकताना, दबलेलं आणि पुन्हा उभं. या सात मुद्रा नुसत्या एकापुढं एक लावून उडी कळली पाहिजे. नाही कळली तर मधली चित्रं भरून उपयोग नाही. आता वेळ वाटा. खाली दबायला पाच चित्रं द्या, कारण ही पूर्वतयारी बघणाऱ्याच्या डोळ्यात भरायला हवी. शड्डू ठोकायच्या आधी पैलवानाचा हात वर जातो तेव्हाच आपल्याला आवाजाची चाहूल लागते, तसंच. सुटायला मात्र एकच चित्र. हवेत चेंडूच्याच पट्टीनं चार अंतरं वर, चार खाली. टेकल्यावर लगेचच्या चित्रात पोतं दबतं, कान आणखी दोन चित्रांनंतर खाली येतात, आणि मग चार चित्रांत सगळं सावरतं.

आधी मुद्रा आणि मग मधलं, ही एक पद्धत. दुसरी म्हणजे पहिल्या चित्रापासून सरळ पुढं काढत जाणं. धूर, शेकोटी, कृष्णेच्या पाण्यावरची लाट असं काही असेल तर सरळ पुढं जा, त्यात आधी ठरवलेलं कृत्रिम वाटतं. पोतं आणि माणूस यांना मात्र मुद्रा आधी लागतात. दोन्हींचं भांडण लावणारे भेटतील, लक्ष देऊ नका.

मांडणी, आणि काळ्या शाईची कसोटी

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते सांगलीतच. नाट्यपंढरीत राहून स्टेजिंग बाहेरून शिकायची काही गरज नाही. भावे नाट्यमंदिरात मागच्या रांगेत बसून एखादा प्रयोग पाहा. तिथून नटाचे डोळे दिसत नाहीत, तरी कोण चिडलंय ते कळतं. कारण चांगला नट हात पोटासमोर न धरता शरीरापासून सुटा ठेवतो आणि दुसरा बोलत असताना स्वतः उगाच हलत नाही.

तुमची मुद्रा अशीच तपासा. आख्ख्या आकृतीत काळा रंग भरा. पेला धरलेला हात छातीवर आला तर काळ्या रंगात तो गायब होतो. हात बाजूला घ्या, पेला लगेच दिसतो. आणि एका वेळी एकच गोष्ट हलू द्या. नवख्याच्या चित्रफितीत झाड, ढग, केस, हात सगळं एकदम हलत असतं आणि बघायचं काय तेच समजत नाही.

चौथा धडा : चाल

चाल म्हणजे तोल जाणं आणि सावरणं. एक पाऊल सहा अंतरांत बसवा, म्हणजे अर्धा सेकंद. पहिलं चित्र टाच टेकल्याचं, दोन्ही पाय लांब. दुसऱ्यात वजन पुढच्या पायावर येतं, गुडघा वाकतो आणि डोकं सगळ्यात खाली असतं. चौथ्यात मागचा पाय टेकलेल्या पायाच्या बाजूनं पुढं निघतो. पाचव्यात चवड्यावर रेटा बसून डोकं सगळ्यात वर जातं. सातवं चित्र पुन्हा टाच टेकल्याचं, पण दुसऱ्या पायाचं. तिसरं आणि सहावं मधलं भरा. दुसऱ्या पावलाचंही तसंच करा. तेरावं चित्र पहिल्यासारखंच येईल, ते लूपमधून काढून टाका, नाहीतर दर सेकंदाला ठेच लागल्यासारखं दिसेल. हात पायांच्या उलट, आणि त्यांचा हेलकावा पायांपेक्षा एक चित्र मागे.

जागेवरच चालणारा माणूस करत असाल तर जमिनीवर टेकलेला पाय प्रत्येक चित्रात सारख्याच अंतरानं मागे सरकला पाहिजे. इथं पट्टी न वापरणाऱ्याचा माणूस हमखास बर्फावर घसरल्यासारखा चालतो.

साधी चाल जमली की माणसं बदला. तालमीतून निघालेला पैलवान दंड शरीरापासून लांब ठेवून चालतो, पावलं आखूड आणि खांदे डाव्या-उजव्या बाजूला झुलते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फडातून निघालेल्या बाईचं डोकं मात्र जवळजवळ एका रेघेत जातं. वरखाली होणं सगळं गुडघे आणि कमरेनं गिळलेलं असतं, हात मोळीला लागलेले असतात, आणि पावलं भराभर पडतात. तिच्यासाठी पाऊल सहाऐवजी चार अंतरांत घ्या आणि चवड्यावर रेटा बसतानाचं डोकं वर जाणं काढूनच टाका. एवढ्या बदलानं ओझं दिसायला लागतं, मोळी नीट काढता आली नाही तरी.

खऱ्या चालीचा व्हिडिओ पाहून करणार असाल तर तो व्हीएलसीमध्ये उघडा आणि कीबोर्डवरचं ‘ई’ अक्षर दाबत एक-एक फ्रेम पुढं जा. फोन सहसा सेकंदाला ३० फ्रेम घेतो आणि तुमचं काम २४ वर आहे, तेव्हा फ्रेम मोजून उतरवू नका, वेळ सेकंदांत मोजा. आणि व्हिडिओवर रेघ ठेवून गिरवत तर बसूच नका. गिरवलेली चाल आश्चर्य वाटावं इतकी मेलेली दिसते, कारण खऱ्या हालचालीतलं महत्त्वाचं काय हे निवडायचं काम कुणी केलेलंच नसतं. डोकं खाली जाताना थोडं जास्त खाली न्या, छाती थोडी जास्त बाहेर काढा. एक्झॅजरेशन म्हणजे एवढंच, सगळंच भडक करणं नव्हे. चालताना नाक पुसणं, पिशवी सावरणं ही दुय्यम हालचाल म्हणजे सेकंडरी अ‍ॅक्शन. तिनं स्वभाव कळतो, पण ती मूळ चालीवर कुरघोडी करत असेल तर गाळा. बारावं तत्त्व अपील, म्हणजे पात्र बघत राहावंसं वाटणं. ते शिकवता येतं असं मला वाटत नाही. साधे आकार आणि थोडा विषमपणा ठेवा, एवढंच सांगेन.

दाखवायचं कुणाला, आणि क्लासचं काय

काम आवाज न लावता दाखवा. संगीत लावलं की वाईट स्पेसिंगही खपून जातं. घरातल्या कुणालाही चेंडू दाखवून ‘कसं झालंय?’ असं विचारू नका, ‘छान’ एवढंच उत्तर येईल. ‘हा कशाचा चेंडू आहे?’ असं विचारा. लेदरच्या बॉलला ‘प्लास्टिकचा’ म्हणाले तर उसळीचा आकडा बदला. पोत्याच्या बाबतीत ‘आत काय भरलंय?’ आणि चालीच्या बाबतीत ‘कुठं निघालाय?’ असं विचारा.

पुण्या-मुंबईला क्लास लावायचा का, हे आईवडील विचारतातच. चेंडू तीन वजनांचा, गोंडा, पोत्याची उडी आणि दोन वेगळ्या माणसांच्या चाली, एवढं तीस-चाळीस सेकंदांचं काम घरी झाल्याशिवाय फी भरू नका. ते झालं की ज्या क्लासला जाल तिथं जाहिरातीतली तयार चित्रफीत बाजूला सारून पहिल्या तीन महिन्यांतल्या विद्यार्थ्यांचे चेंडू आणि चाली दाखवायला सांगा. स्वतःची चित्रफीत शिक्षकांसमोर ठेवा आणि ते फ्रेम पुढं-मागं करून अंतरांबद्दल काही बोलतात का ते पाहा. नुसतंच सॉफ्टवेअरचं नाव आणि नोकरीची हमी ऐकवत असतील, तर ते पैसे चांगल्या पेन-टॅबलेटवर घाला.